सर्व्हिस डेस्कमध्ये मल्टी-टेनन्सी घ्यावी का? ठरवण्याआधी करायची कामं

या निर्णयात मी दोनदा चुकलो, आणि दोन्ही वेळा उलट्या बाजूंनी. पहिल्या ठिकाणी आम्ही मल्टी-टेनन्सी घेतली, म्हणजे एकाच सर्व्हिस डेस्क प्रणालीत प्रत्येक गटाचा डेटा बाकीच्या गटांपासून झाकून ठेवण्याची सोय. खरी गरज होती ती तीन वेगळ्या क्यूंची, म्हणजे तिकिटांच्या (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्यांच्या) तीन रांगांची. पुढचं दीड वर्ष आम्ही स्वतःच बांधलेल्या भिंतींना खिडक्या पाडत बसलो. दुसऱ्या ठिकाणी, दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो तसा, मी ती टाळली. मग एका महिनाअखेरीस एका ग्राहकाला गेलेल्या रिपोर्टमध्ये दुसऱ्या ग्राहकाच्या तिकिटांचे विषय छापून गेले. त्यातला एक विषय होता, 'अमुक अधिकाऱ्यांचं खातं शुक्रवारी सहा वाजता बंद करा'. त्या अधिकाऱ्यांना स्वतःला शुक्रवारची काहीच कल्पना नव्हती.

'आपण मल्टी-टेनन्सी घेऊ या का, जरा बघून सांग' असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. रोजचं काम सांभाळून हे करायला दोन ते तीन आठवडे धरा. विक्रेत्याचा डेमो शेवटी बघा. आधी बघितलात, तर प्रश्न तुमचे राहत नाहीत, त्याचे होतात.

सुरू करण्याआधी हे जमवा

- ज्या ज्या गटांना सेवा द्यायची आहे त्यांची यादी: विभाग, उपकंपन्या, बाहेरचे ग्राहक, जे असेल ते
- प्रत्येक गटाशी झालेला करार किंवा अंतर्गत समजुतीचा कागद, विशेषतः गोपनीयतेची आणि डेटा परत देण्याची कलमं
- मागच्या तीन महिन्यांच्या तिकिटांचा एक्सपोर्ट
- एजंटांची, म्हणजे तिकिटं सोडवणाऱ्यांची यादी, आणि कोण कोणत्या गटांसाठी काम करतं याची नोंद
- आपोआप जाणाऱ्या सगळ्या रिपोर्टांची यादी, कोणाला जातात त्यासकट
- सर्व्हिस डेस्कला जोडलेल्या बाकीच्या प्रणाली: मेल, डिरेक्टरी, मॉनिटरिंग, चॅट, पगारपत्रक
- सध्याच्या लायसन्सचा करार

शेवटून तिसरी ओळ सगळ्यांत कंटाळवाणी आहे आणि सगळ्यांत कामाचीही. आपोआप जाणारे रिपोर्ट कोणी, कधी, कशासाठी लावले हे बहुतेक ठिकाणी कोणालाच आठवत नसतं. आम्हाला ४१ सापडले. त्यांतले ९ संस्था सोडून गेलेल्या लोकांच्या पत्त्यांवर जात होते.

पायरी १: तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊ नका

बैठकीत 'वेगळं ठेवायचं' असं सगळेच म्हणतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं काही असतं.

पहिली गोष्ट म्हणजे क्यू किंवा गट. तिकिटं वेगवेगळ्या रांगांत पडतात आणि वेगवेगळे एजंट ती उचलतात. प्रणाली एक, नियम एक, वापरकर्त्यांची यादीही एक. दुसरी गोष्ट म्हणजे टेनंट. प्रणाली एकच असते, पण प्रत्येक नोंदीवर ती कोणाची आहे याचा शिक्का असतो आणि तो शिक्का बघूनच प्रणाली दाखवायचं की नाही ते ठरवते. तिसरी गोष्ट म्हणजे वेगळा इन्स्टन्स. डेटाबेस वेगळा, पत्ता वेगळा, अपग्रेड वेगळं.

टेनंटचा शब्दशः अर्थ भाडेकरू. म्हणून इमारतीची उपमा नेहमी दिली जाते. ती फसवी आहे. इमारतीची भिंत एकदा बांधली की उभी राहते. इथे प्रत्येक शोध, प्रत्येक रिपोर्ट आणि प्रत्येक मेल जाताना भिंत नव्याने उभी करावी लागते, आणि एखाद्या वेळी प्रोग्रॅम ती उभी करायला विसरू शकतो.

प्रत्येक सॉफ्टवेअर या दुसऱ्या गोष्टीला स्वतःचं नाव देतं, त्यामुळे कागदपत्रांत 'मल्टी-टेनन्सी' शोधून कधी कधी काहीच सापडत नाही. सर्व्हिसनाऊमध्ये तिला डोमेन सेपरेशन म्हणतात. बीएमसी या सॉफ्टवेअर कंपनीच्या आयटीएसएम या प्रणालीत 'कंपनी' हाच टेनंट असतो. जीएलपीआयमध्ये एंटिटी असतात आणि त्यांचं झाड बनतं. आयटॉपमध्ये ऑर्गनायझेशन असतात, आणि प्रत्येक वापरकर्त्याला कोणत्या ऑर्गनायझेशन दिसाव्यात ते ठरवून देता येतं. मॅनेजइंजिनने तर बाहेरच्या ग्राहकांना सेवा देणाऱ्यांसाठी सर्व्हिसडेस्क प्लसची एमएसपी ही निराळी आवृत्तीच ठेवली आहे. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये प्रोजेक्टच्या परवानग्यांनी बरंच काही झाकता येतं, पण एका साइटवरची वापरकर्त्यांची यादी एकच असते. 'ब्राउझ युजर्स अँड ग्रुप्स' ही परवानगी ज्याला आहे त्याला सगळ्यांची नावं दिसतात. तुमच्या दोन ग्राहकांना एकमेकांची नावं दिसणं चालणार नसेल, तर तिथे प्रोजेक्ट म्हणजे टेनंट नव्हे.

पायरी २: 'कोणी काय पाहायचं नाही' याचा तक्ता

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण ही पायरी करा.

एक कागद घ्या. उभ्या बाजूला गट लिहा. आडव्या बाजूला सहा गोष्टी लिहा: तिकिटं, माणसांची नावं, उपकरणांची नोंद, माहितीलेख, रिपोर्टांतले आकडे, आणि सेटिंग. प्रत्येक चौकटीत दुसऱ्या गटाने ही गोष्ट पाहिली तर काय होईल ते लिहा. उत्तरं तीनच: 'पाहायलाच हवं', 'चालेल', 'अजिबात नाही'.

हा तक्ता तुम्ही एकट्याने भरू नका. पहिल्यांदा मी तो एकट्याने भरला आणि सगळीकडे 'अजिबात नाही' लिहून मोकळा झालो, कारण नाही म्हणणं सुरक्षित वाटतं. तिथेच चूक झाली. प्रत्येक गटाचा जो कराराला जबाबदार माणूस असेल त्याच्याकडून भरून घ्या आणि 'अजिबात नाही' असं उत्तर आलं की एक प्रश्न विचारा: दिसलं तर नेमकं काय होईल? उत्तर करारभंग, कायद्याचा भंग, किंवा कोणाची तरी नोकरी धोक्यात येईल असं असेल, तर ते 'अजिबात नाही' खरं. 'बरं दिसत नाही' एवढंच असेल, तर खोडून 'चालेल' लिहा. आमच्या पहिल्या ठिकाणच्या तक्त्यात अशी १८ 'अजिबात नाही' होती. नंतर, बरंच नुकसान झाल्यावर, आम्ही हा प्रश्न विचारला आणि २ उरली.

दोन गोष्टी या तक्त्यात नेहमी निसटतात.

पहिली म्हणजे माणूस कोणत्या दाराने आत येतो. बहुतेक सर्व्हिस डेस्कमध्ये तिकीट टाकणाऱ्याला मुळात फक्त स्वतःचीच तिकिटं दिसतात. म्हणजे एजंट सगळे तुमचे असतील आणि समोरची माणसं फक्त तिकीट टाकत असतील, तर त्यांनी एकमेकांचं काही पाहण्याचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. तिकिटावर 'संस्था' असा रकाना ठेवला की भागतं. प्रश्न येतो तो समोरची माणसं दुसऱ्या दाराने आत येतात तेव्हा: एजंट म्हणून, व्यवस्थापक म्हणून, डॅशबोर्ड बघायला, आपोआप जाणारा रिपोर्ट घ्यायला, किंवा एपीआयने (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून थेट माहिती घ्यायच्या वाटेने) डेटा ओढायला. आमची दुसरी चूक हीच. 'एजंट आपलेच आहेत' एवढं पाहून मी निश्चिंत झालो आणि रिपोर्टचं दार विसरलो. एका नव्या रिपोर्टला संस्थेचा फिल्टर लावायचा राहिला आणि तो तसाच महिनाअखेरीस निघून गेला. खरा टेनंट असता, तर फिल्टर विसरूनही दुसऱ्याचा डेटा आला नसता. म्हणून प्रत्येक गटासाठी या पाच दारांची यादी करा आणि कोणतं उघडं आहे ते तपासा.

दुसरी म्हणजे वरून पाहणारा माणूस. टेनंट टेनंटांना एकमेकांपासून लपवतो. सगळ्यांत वरच्या ॲडमिनपासून काहीच लपत नाही. मनुष्यबळ विभागाने 'आमची तिकिटं आयटीवाल्यांना दिसू नयेत' म्हणून मल्टी-टेनन्सी मागितली, तर आधी विचारा की आयटीवाले म्हणजे हेल्पडेस्कवरचे की ॲडमिनही? ॲडमिनसुद्धा नको असेल, तर उत्तर वेगळा इन्स्टन्स हे आहे, आणि त्याचा ॲडमिनही निराळा हवा. हे आधी विचारलं नाही, तर सहा महिन्यांनी कोणाला तरी कळतं आणि मग कठीण प्रसंग येतो.

पायरी ३: कामाच्या पद्धतीतला फरक मोजा

पाहण्या न पाहण्याचा प्रश्न एक आणि कामाची पद्धत वेगळी असण्याचा प्रश्न दुसरा. मल्टी-टेनन्सी दोन्ही सोडवू शकते, पण केवळ दुसऱ्यासाठी ती घेणं महाग पडतं.

प्रत्येक गटासाठी कामाचे तास, सुट्ट्यांचं कॅलेंडर, सेवेची वेळमर्यादा, तिकिटांचे प्रकार, मंजुरीची साखळी, मेलचा पत्ता आणि लोगो काय आहे ते लिहा. यांतल्या बहुतेक गोष्टी साध्या क्यूच्या पातळीवरही वेगळ्या ठेवता येतात. वेगळा लोगो आणि वेगळा मेलचा पत्ता यांसाठी कोणी मल्टी-टेनन्सी मागत असेल, तर प्रेमाने नाही म्हणा. खरा फरक मंजुरीच्या साखळीत आणि तिकिटांच्या प्रकारांत असतो. ते निम्म्याहून जास्त वेगळे असतील, तर लक्ष द्या.

एक सापळा इथे आहे. टेनंट मिळाला की प्रत्येक गटाला 'आमचं थोडं वेगळं' सुचायला लागतं. सर्व्हिसनाऊसारख्या प्रणालीत वरच्या डोमेनचे नियम खालच्या डोमेनला आपोआप मिळतात आणि खाली वेगळा नियम लिहिला की तो वरच्याला झाकतो. सोय उत्तम आहे. पण झाकलेला प्रत्येक नियम ही तुम्ही सांभाळायची आणखी एक प्रत असते. वर सुधारणा झाली तरी ती खाली पोचत नाही, आणि एकच तिकीट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी का वागतं याचा शोध घेण्यात दुपार जाते.

पायरी ४: सामायिक काय राहणार?

घोडं पेंड खातं ते इथे. वेगळं काय ठेवायचं याची चर्चा सगळे हिरिरीने करतात. सामायिक गोष्टींचं काय, हे कोणी विचारत नाही, आणि मग रोजचा त्रास तिथूनच निघतो.

*एजंट.* एकच एजंट पाच टेनंटांसाठी काम करत असेल, तर त्याला सगळी तिकिटं एका यादीत दिसतात का, की दर वेळी वरच्या कोपऱ्यात जाऊन टेनंट बदलावा लागतो? पहिल्या ठिकाणी आमच्या एजंटांना बदलावा लागत असे. दिवसाला साठ-सत्तर वेळा. दोन महिन्यांनी त्यांनी आपल्या परीने उपाय काढला: सगळ्यांनी सर्वांत मोठी परवानगी मागून घेतली. बीएमसीमध्ये माणसाच्या नोंदीवर 'अनरिस्ट्रिक्टेड ॲक्सेस' अशी एक खूण असते. अशी खूण ज्या कोणत्या प्रणालीत असेल तिथे ती किती जणांना दिली आहे हे दर तिमाहीला मोजा. निम्म्या एजंटांकडे ती असेल, तर भिंत फक्त कागदावर आहे.

*उपकरणांची नोंद.* तीन टेनंट एकच मेल सर्व्हर वापरतात. त्या सर्व्हरची नोंद कोणाची? प्रत्येकाकडे एक प्रत ठेवली, तर तिन्ही प्रती हळूहळू वेगळ्या होतात. एका सामायिक टेनंटमध्ये ठेवली, तर ती सगळ्यांना दिसते, आणि तिच्याशी जोडलेली तिकिटं, बदल, संपर्कातली माणसं यांपैकी काय काय सोबत दिसतं ते तपासावं लागतं.

*मोठा बिघाड.* तो मेल सर्व्हर पडला आणि तीन टेनंटांतून दोनशे तिकिटं आली. ती सगळी एका मूळ तिकिटाला जोडून एकदम बंद करता येतील का? टेनंटांच्या सीमा ओलांडून तिकिटं जोडता येत नसतील, तर बिघाडाच्या दिवशी तुम्ही तेच काम तीनदा कराल. येत असतील, तर मूळ तिकिटावर लिहिलेली टीप तिन्हीकडे जाते का, ते बघा. 'अमुक ग्राहकाच्या फायरवॉलमुळे झालं' अशी टीप बाकीच्या दोघांनी वाचायची नसते.

*माहितीलेख.* यात फारसं काही नाही. सामायिक लेख वर, खाजगी खाली, एवढं जमलं की झालं.

पायरी ५: भिंत नेमकी कुठे आहे, ते विचारा

आता विक्रेत्याला बोलवा. (प्रणाली मुक्त स्रोताची असेल, तर कागदपत्रं आणि डेटाबेस उघडा.) पहिला प्रश्न: टेनंटांचा डेटा कसा वेगळा ठेवता? उत्तरं साधारण तीन येतात. प्रत्येक टेनंटला वेगळा डेटाबेस. एकाच डेटाबेसमध्ये वेगळी स्कीमा, म्हणजे टेबलांचा वेगळा गट. किंवा सगळं एकाच टेबलात आणि प्रत्येक ओळीवर टेनंटचा क्रमांक. तिसरी पद्धत सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत प्रचलित आहे. ती वाईट नाही, पण मग पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: तो क्रमांक तपासतं कोण, ॲप्लिकेशन की डेटाबेस?

ॲप्लिकेशन तपासत असेल, तर प्रत्येक पानाच्या, प्रत्येक रिपोर्टच्या कोडमध्ये ती तपासणी असायला हवी. डेटाबेसही तपासू शकतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये रो लेव्हल सिक्युरिटी (कोणती ओळ कोणाला दिसावी याचे नियम) ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. पण त्यातही पळवाट आहे. सुपरयुजरला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) आणि टेबलाच्या मालकाला, म्हणजे ज्या खात्याच्या नावावर टेबल आहे त्याला, हे नियम मुळात लागू होत नाहीत. मालकाला लागू करायचे, तर ते वेगळं सक्तीने सांगावं लागतं. ॲप्लिकेशन टेबलाच्या मालकाच्याच खात्याने जोडलं असेल आणि ती सक्ती लावलेली नसेल, तर नियम असून नसल्यासारखे. 'आमच्याकडे डेटाबेसच्या पातळीवर सुरक्षा आहे' असं ऐकलं की हे विचारा. समोरचा गप्प झाला, तरी तुम्हाला उत्तर मिळालं.

हे फार बारकाईचं वाटत असेल, तर एवढं लक्षात घ्या: वेब ॲप्लिकेशनमधल्या धोक्यांच्या, ओवास्प या सुरक्षाविषयक संस्थेच्या २०२१ च्या यादीत 'ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल', म्हणजे ज्याला जे दिसायला नको ते दिसणं, पहिल्या क्रमांकावर आहे.

दुसरा महत्त्वाचा प्रश्न बॅकअपचा: एकाच टेनंटचा डेटा, बाकीच्यांना धक्का न लावता, मागच्या मंगळवारच्या स्थितीत आणता येतो का? एप्रिल २०२२ मध्ये जिरा बनवणाऱ्या ॲटलासियनच्या देखभालीच्या एका स्क्रिप्टला चुकीचे क्रमांक दिले गेले आणि ७७५ ग्राहकांच्या साइट पुसल्या गेल्या. बॅकअप होते. तरीही काही ग्राहकांना सेवा परत मिळायला १४ दिवसांपर्यंत वेळ लागला, कारण सामायिक डेटाच्या साठ्यात बाकीच्या ग्राहकांना हात न लावता मोठ्या संख्येने निवडक ग्राहकांचाच डेटा परत भरण्याची स्वयंचलित सोय तयार नव्हती. कंपनीने हे स्वतःच्या अहवालात सविस्तर मांडलं आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला हे जड गेलं. तुमच्या प्रणालीत ते कसं होतं, हे करून दाखवायला सांगा. सांगून नव्हे, करून.

पायरी ६: दोन खोटे टेनंट आणि एक विचित्र शब्द

चाचणीच्या प्रणालीत दोन टेनंट बनवा. त्यांना अ आणि ब म्हणू. दोन्हीकडे एकाच नावाचा एक एक वापरकर्ता ठेवा. आता ब मध्ये एक तिकीट टाका आणि कुठेही सापडणार नाही असा एखादा शब्द त्यात पेरा. आमचा होता 'झुंबरकाकडी'. विषयात, वर्णनात, टीपेत, जोडलेल्या फायलीच्या नावात आणि फायलीच्या आतही. मग अ म्हणून आत या आणि झुंबरकाकडीच्या मागे लागा.

- शोधपट्टीत शब्द टाका. यादीत तिकीट आलं नाही, तरी टाइप करताना खाली सुचवण्या येतात का, ते पाहा.
- पत्त्याच्या पट्टीत ब च्या तिकिटाचा क्रमांक टाका.
- ब च्या जोडलेल्या फायलीचा दुवा कॉपी करून, लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये उघडा. आम्ही तपासलेल्या तीन प्रणालींपैकी एकीत ती फाइल सरळ उघडली.
- तिकिटावर 'यांनाही कळवा' मध्ये नाव टाइप करा. ब मधला सारख्या नावाचा माणूस दिसतो का?
- डॅशबोर्डवरचा एकूण आकडा मोजा. यादीत १२ तिकिटं आणि आकडा १३ असेल, तर गळती आहे.
- अ च्या टोकनने (एपीआयसाठीच्या ओळखीच्या किल्लीने) एपीआयला ब चं तिकीट मागा.
- अ च्या मेलवरून, विषयात ब च्या तिकिटाचा क्रमांक घालून उत्तर पाठवा.

शेवटची चाचणी सोडू नका. अनेक सर्व्हिस डेस्क विषयातला क्रमांक पाहून मेल त्या तिकिटाला जोडतात आणि पाठवणारा कोण हे नीट बघत नाहीत. अ चा माणूस ब च्या तिकिटावर लिहून गेला, त्याचं उत्तर त्यालाही जायला लागलं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, असं होऊ शकतं.

यानंतर एक तिकीट ब मधून अ मध्ये हलवा. हे प्रत्यक्षात रोज होतं. लोक चुकीच्या ठिकाणी तिकिटं टाकतातच. हलवल्यावर जुन्या टीपा, फायली, इतिहास सोबत गेले का? आणि ब मधला जो माणूस त्यावर लक्ष ठेवून होता, त्याला अजून मेल जातात का? आमच्याकडे जात होते.

एक बारीक गंमत: तिकिटांचे क्रमांक सगळ्या टेनंटांना मिळून एकाच मालिकेत असतील, तर सोमवारी ५००१ आणि शुक्रवारी ५६४० पाहणाऱ्या ग्राहकाला तुमच्याकडे आठवड्याला एकूण किती तिकिटं येतात हे कळतं. बहुतेकांना याने फरक पडत नाही. ज्यांना पडतो, त्यांना फार पडतो.

पायरी ७: खर्च

लायसन्सचा आकडा विक्रेता देईल. त्याने न सांगितलेले खर्च तीन. ॲडमिनचा वेळ, कारण नवा टेनंट उभा करणं हे दर वेळी छोटं प्रकल्पकाम असतं. अपग्रेडची चाचणी, कारण जितके टेनंट स्वतःचे नियम बाळगतात तितक्या वेळा ती करावी लागते, आणि अपग्रेडची वेळ मात्र सगळ्यांना मिळून एकच ठरवावी लागते. आणि जोडलेल्या प्रणाली: मॉनिटरिंगकडून आलेला इशारा कोणत्या टेनंटमध्ये तिकीट काढणार हे प्रत्येक ठिकाणी सांगावं लागतं.

पायरी ८: बाहेर पडण्याची वाट आधी बघा

एक टेनंट निघून जातो आहे असं समजा. त्याची तिकिटं, फायली, इतिहास, माहितीलेख एकत्र काढून देता येतात का? कोणत्या स्वरूपात? आणि दिल्यावर आपल्याकडचं पुसता येतं का? युरोपीय संघातल्या लोकांचा वैयक्तिक डेटा त्यात असेल आणि तो तुम्ही ग्राहकाच्या वतीने हाताळत असाल, तर जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे सेवा संपल्यावर ग्राहक सांगेल तसा तो डेटा पुसणं किंवा परत देणं करारात असावं लागतं. सामायिक तिकिटांत, सामायिक उपकरणांच्या नोंदीत आणि बॅकअपमध्ये त्याचे अवशेष कुठे कुठे राहतील, त्याची यादी आत्ताच करा.

उलटाही प्रसंग असतो: मल्टी-टेनन्सीच बंद करायची आहे. ती चालू करणं काही प्रणालींत एका खुणेचं काम असतं. बंद करण्याची तशी खूण बहुधा नसते. आम्ही शेवटी नवी प्रणाली उभी करून डेटा तिकडे वाहून नेला. म्हणून 'आत्ता चालू करून ठेवू, लागली तर वापरू' हे वाक्य बैठकीत आलं, की ते तिथेच थांबवा.

पायरी ९: ठरवा

आता तक्ता समोर घ्या.

'अजिबात नाही' जवळजवळ कुठेच उरलं नसेल, तर क्यू आणि गट पुरे. तिकिटावर संस्थेचा रकाना सक्तीचा करा आणि त्या रकान्याविना रिपोर्ट बनवायची परवानगी दोघा-तिघांपलीकडे कोणाला देऊ नका.

'अजिबात नाही' एकाच गटाभोवती असेल, तर तेवढ्या गटाला वेगळा इन्स्टन्स द्या. एका गटासाठी सगळ्या प्रणालीत भिंती घालणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भारी.

'अजिबात नाही' सगळीकडे असेल, एजंट मात्र तेच, कामाची पद्धत बरीचशी सारखी, आणि गटांची संख्या वाढत जाणार असेल, तर मल्टी-टेनन्सी घ्या. तिचं खरं घर हेच. बाहेरच्या ग्राहकांना सेवा देणारे बहुतेक जण या खणात बसतात.

'अजिबात नाही' सगळीकडे, एजंटही वेगळे आणि पद्धतही वेगळी असेल, तर एकत्र राहून तुम्हाला मिळणार काय ते मला कळत नाही. लायसन्समध्ये थोडी बचत होईल. तीन-चार गट असतील, तर वेगळे इन्स्टन्स ठेवा आणि सुखाने झोपा.

निर्णय एका पानावर लिहा. तारीख घाला, तक्ता जोडा, आणि कोणती गोष्ट बदलली तर फेरविचार करायचा तेही लिहा. उदाहरणार्थ, एखाद्या ग्राहकाची माणसं एजंट म्हणून येणार असतील तर.

पायरी १०: घेतलीत, तर पहिल्याच दिवशी हे करा

मेल आली की ती कोणत्या टेनंटची हे प्रणाली साधारणपणे पाठवणाऱ्याच्या मेलच्या डोमेनवरून (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागावरून) किंवा ज्या पत्त्यावर आली त्यावरून ठरवते. पण माणसं स्वतःच्या खाजगी मेलवरून लिहितात. दोन ग्राहकांकडे काम करणारा सल्लागार एकाच पत्त्यावरून दोघांबद्दल लिहितो. अशा कुठेच न जुळलेल्या मेल अनेक प्रणाली 'मूळ' टेनंटमध्ये टाकतात, आणि मूळ टेनंट पुष्कळदा सगळ्यांना दिसतो. त्यांच्यासाठी वेगळा टेनंट बनवा, त्याला 'न जुळलेली' असं नाव द्या, दोनच माणसांना तो उघडा ठेवा आणि त्यांच्या कॅलेंडरवर सकाळी दहा व दुपारी तीन या वेळा टाकून द्या. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात तिथे ३७ मेल आल्या होत्या. त्यांतली एक विक्रेत्याची होती, वर उल्लेख केलेल्या टेबलाच्या मालकाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर.